प्रकाशाचा हिशेब

कॅमेरा हातीं असणें आणि छायाचित्र काढतां येणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एके काळीं कॅमेराच दुर्मिळ होता. म्हणून ज्याच्याजवळ तो असे, त्याला लोक छायाचित्रकार म्हणत. आज मोबाइलच्या रूपानें तो बहुतेकांच्या खिशांत आहे आणि बोट टेकविण्यापलीकडे दुसरे श्रम पडत नाहींत. किती प्रकाश घ्यावा आणि किती वेळ घ्यावा, याचा निवाडा यंत्रच क्षणार्धांत करून टाकतें. हा निवाडा बहुधा बरा असतो. परंतु जेथें तो चुकतो, तेथें नुकसान कोणाचें होतें, हें पाहण्यासारखें आहे. तें एकदां पाहिलें, म्हणजे एक्स्पोजरचें, म्हणजेच प्रकाशाच्या मापाचें शास्त्र आजही कां शिकावें, या प्रश्नाचें उत्तर आपोआप मिळतें.

पालघर जिल्ह्यांतील वसई हें शहर या शिक्षणास मोठें अनुकूल आहे. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेस एव्हरशाईन सिटी नांवाची मोठी वसाहत आहे. इमारतींच्या रांगा, त्यांच्यामधून गेलेले रस्ते, दुकानें, रिक्षा आणि सकाळ-सायंकाळ गाडीच्या वेळा सांभाळून धांवणारीं माणसें, असें तेथील नित्याचें दृश्य असतें. पूर्वेकडे तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे. पश्चिमेकडे, रेल्वेच्या पलीकडे, वाड्या आहेत, चर्चें आहेत, १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला किल्ला आहे, आणि त्यापुढें समुद्र आहे. दक्षिणेस खाडी. डोंगराआडून वर येणारा सूर्य समुद्रांत बुडेपर्यंत प्रकाशाचीं जेवढीं रूपें दाखवितो, तेवढीं सर्व या लहानशा टापूंत पाहावयास मिळतात. या वसाहतींतील एखाद्या होतकरूनें जुना कॅमेरा मिळवून ही विद्या शिकावयाचें मनांत आणलें, तर त्यानें प्रारंभ कोठून करावा?

प्रारंभ तीन अंकांपासून करावा. वसईच्या केळीच्या वाडींत पाटाचें पाणी सोडतात, त्याचा दाखला येथें चांगला लागूं पडतो. पाटाचें तोंड जितकें रुंद, तितकें पाणी अधिक येतें. तोंड जितका वेळ उघडें राहील, तितकी जमीन अधिक भिजते. आणि कोणत्या जमिनीस थोडें पाणी पुरतें, तर कोणत्या जमिनीस पुष्कळ लागतें. कॅमेऱ्यांत पाटाचें तोंड म्हणजे भिंगाचें छिद्र. त्याला अॅपर्चर म्हणतात. तें उघडें ठेवण्याचा काळ म्हणजे शटरची गति. आणि जमिनीचा गुण म्हणजे फिल्मची, अथवा आजच्या सेन्सरची, संवेदनशीलता. ती आयएसओ या अंकानें दाखवितात. तिहींचा मेळ बसला, कीं वाफा नेमका भिजतो. पाणी कमी पडलें तर रोप सुकतें आणि अधिक झालें तर कुजतें; तसेंच चित्र काळवंडतें किंवा पांढरें पडतें.

छिद्राचे अंक १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे चढत जातात. अंक मोठा होतो तसें छिद्र लहान होतें, हें पाहून विद्यार्थी प्रथम बिचकतो. परंतु त्यांत गूढ कांहीं नाहीं. भिंगाच्या केंद्रांतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें असतां हा अंक मिळतो. ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाचें छिद्र २५ मिलिमीटर रुंद असेल, तर अंक २ येतो. तेंच सव्वासहा मिलिमीटर असेल, तर अंक ८ येतो. एका अंकावरून पुढील अंकावर गेलें, म्हणजे छिद्राचें क्षेत्रफळ निम्में होतें आणि प्रकाशही निम्मा होतो. शटरच्या गतींतही १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद अशी निमपटच आहे, आणि आयएसओच्या अंकांत १००, २००, ४०० अशी दुप्पट आहे. हें एक सूत्र ध्यानांत धरलें, कीं बाकीचा हिशेब तोंडीं करतां येतो. एफ १६ आणि १/१२५ सेकंद यांनीं जेवढा प्रकाश आंत येतो, तेवढाच एफ ११ आणि १/२५० यांनीं, व तेवढाच एफ ८ आणि १/५०० यांनीं येतो.

प्रकाश तेवढाच, पण चित्र तेंच नव्हे. छिद्र लहान ठेवलें, तर जवळचा वेल आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट उमटतात. मोठें ठेवलें, तर ज्यावर नजर रोखली तेवढेंच स्पष्ट राहून बाकीचें विरघळतें. वसई रोडच्या फलाटावरून सुटलेली लोकल १/५०० सेकंदांत जागच्या जागीं थिजल्यासारखी दिसेल. तिच्याबरोबर कॅमेरा सावकाश फिरवीत १/३० सेकंद घेतला, तर गाडी बरीचशी स्पष्ट राहील आणि मागचा फलाट वाऱ्यासारखा पुसट धांवेल. आयएसओचा अंक फार चढविला, तर अंधारांतही चित्र येतें, परंतु त्यावर रवा दिसूं लागतो. कांहीं मिळवावयाचें, तर कांहीं सोडावें लागतें. काय सोडावें हें ठरविणें, हाच या हिशेबांतील खरा धडा आहे.

प्रकाश मोजण्याचें यंत्र हातीं नसेल, तर छायाचित्रकार एका जुन्या नियमाचा आधार घेतात. स्वच्छ उन्हांत छिद्र एफ १६ वर ठेवावें आणि शटरची गति आयएसओच्या अंकाइतकी, म्हणजे आयएसओ १०० असतां सुमारें १/१२५ सेकंद, ठेवावी. हलके ढग आले तर एफ ११, आभाळ पूर्ण झांकोळलें तर एफ ८, उघड्या सांवलींत एफ ५.६, आणि लखलखत्या रेतीवर एफ २२. एव्हरशाईन सिटींतील एकाच इमारतीच्या भिंतीकडे सकाळीं, दुपारीं आणि दिवेलागणीपूर्वीं पाहून आधीं मनाशीं अंक ठरवावा, वहींत टिपून ठेवावा, आणि मग यंत्राचा अंक पाहावा. महिनाभर हा अभ्यास केला, म्हणजे डोळाच मापक बनूं लागतो.

येथवर हिशेब सोपा आहे. आतां यंत्र कोठें चुकतें तें पाहूं. कॅमेऱ्यांतील मापक वस्तूचा रंग जाणत नाहीं. वस्तूवरून परतलेला प्रकाश तेवढा तो मोजतो. त्याच्या मापनाच्या मुळाशीं असें गृहीत धरलेलें असतें, कीं समोरील दृश्य सरासरीनें मध्यम करड्या छटेचें आहे. आणि पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें १८ टक्के परत करणारी करडी छटा ही मध्यम समजली जाते. वसईत याची परीक्षा घेणें सोपें आहे. चुना दिलेल्या चर्चच्या पांढऱ्या भिंतीनें सगळी चौकट भरून टाकावी आणि चित्र घ्यावें. भिंत करडी येईल. तबेल्यांतील काळ्या म्हशीचें तसेंच जवळून चित्र घ्यावें. म्हैसही करडी येईल. यंत्राच्या न्यायांत चर्च आणि म्हैस यांचा रंग एकच! म्हणून भिंतीसाठीं एक-दोन पायऱ्या प्रकाश वाढवावा लागतो आणि म्हशीसाठीं तितकाच कमी करावा लागतो. नवीं यंत्रें पूर्वीपेक्षां पुष्कळ शहाणीं झालीं आहेत, चौकटींतील चेहराही तीं ओळखूं लागलीं आहेत. तरी या सरासरीच्या संवयीपासून तीं अगदीं सुटलेलीं नाहींत.

भिंत आणि म्हैस यांच्या बाबतींत ही चूक विनोदाची आहे. माणसाच्या बाबतींत ती अन्यायाची होते. वसईच्या खाडीकांठीं, नायगांव-भाईंदरच्या बाजूस, मिठागरांचा धंदा फार जुना आहे. उन्हाळ्यांत मीठ ओढून ढीग रचणाऱ्या मजुराचें भर दुपारीं चित्र घेतलें, तर काय होतें? चौकटींत चोहोंकडे पांढरें मीठ आणि तळपतें आकाश. मध्यें उन्हानें रापलेला एक चेहरा. यंत्र हा झगझगाट पाहून प्रकाश आंवरून घेतें. मिठाचा कण न्‌ कण टिपला जातो आणि ज्यानें तें मीठ पिकविलें, तो माणूस काळा डाग होऊन बसतो. त्याला डोळे नाहींत, कपाळावरच्या आठ्या नाहींत, ओळख नाहीं. पाहणाराला तें चित्र सुंदरही वाटेल. पण त्यांतून जी गोष्ट निघून गेली, तिची दाद कोण घेणार?

हा दोष केवळ एका मापकाचा नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कित्येक दशकें रंगीत फिल्मची छपाई जुळवून घेण्यासाठीं प्रयोगशाळांना एक नमुन्याचें चित्र पुरविलें जाई, आणि त्यावर गोऱ्या स्त्रीची प्रतिमा असे. कोडॅक कंपनीचें हें नमुनाचित्र 'शर्ली' या नांवानें ओळखलें जाई. तिची कांति बरोबर उतरली, कीं छपाई बरोबर ठरे. त्यामुळें सांवळ्या आणि काळ्या माणसांच्या चेहऱ्यांवरील बारकावे हरवत. पुढें या नमुन्यांत सुधारणा झाल्या. परंतु मध्यम कशाला म्हणावें, हें ठरविणारा कोणी तरी असतो, ही गोष्ट त्यावरून चांगली उघड होते. छायाचित्रकारानें यंत्राचें मध्यम मुकाट्यानें मान्य केलें, तर त्यानें आपला निवाडा दुसऱ्याच्या हातीं सोंपविला, असेंच म्हणावें लागेल.

हा निवाडा आपल्या हातीं घ्यावा कसा, हें थोरांच्या कामावरून शिकण्यासारखें आहे. आपल्याकडे ही परंपरा लहान नाहीं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी यांचा तिच्याशीं संबंध होता. त्या काळीं मापक नव्हता. कांचेवर रसायन चढवावयाचें, तें ओलें असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधारांत धुवावयाचें, अशी खटपट असे. प्रकाशाचा अदमास डोळ्यांनींच घ्यावा लागे, आणि चुकला तर सगळे श्रम पुन्हां करावे लागत.

दादासाहेब फाळके यांनीं बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें आणि गोध्र्यास कांहीं काळ छायाचित्रणाचा व्यवसाय केला. १९१२ सालीं इंग्लंडहून चित्रपटाचा कॅमेरा आणल्यावर, भांडवल देणाराची खात्री पटावी म्हणून त्यांनीं वाटाण्याच्या रोपट्याची वाढ चित्रित केली. रोज थोडीं थोडीं चित्रें घेत त्यांनीं अनेक दिवसांची वाढ पडद्यावर कांहीं क्षणांत दाखविली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं लोकांपुढें आला, त्यापूर्वींची ही गोष्ट आहे. ज्याला मोठें चित्र काढावयाचें आहे, त्यानें आधीं एका दाण्यापुढें धीर धरून बसावें, हा तिचा बोध आहे.

अमेरिकेंतील अॅन्सेल अॅडम्स यांची एक गोष्ट या विषयांत नेहमीं सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. १९४१ सालीं न्यू मेक्सिको प्रांतांतून मोटारीनें परतत असतां हर्नांडेझ नांवाच्या खेड्यावर चंद्र उगवलेला आणि मावळत्या उन्हांत तेथील दफनभूमींतील क्रूस उजळलेले त्यांना दिसले. गाडी थांबवून त्यांनीं मोठा कॅमेरा मांडला, पण प्रकाशमापक कांहीं केल्या सांपडेना. ऊन तर निघून चाललें होतें. चंद्राच्या तेजाचा अंक, दर चौरस फुटास २५० कँडल, त्यांच्या पक्का स्मरणांत होता. त्यावरून मनाशीं हिशेब करून त्यांनीं एफ ३२ वर एक सेकंदाचें चित्र घेतलें. दुसरें घेण्याची तयारी होते तोंच क्रूसांवरील ऊन गेलें. जगप्रसिद्ध झालेलें तें चित्र असें एका पाठ असलेल्या अंकावर उभें आहे. स्फूर्ति आली, तेव्हां विद्या घरांत तयार होती!

अॅडम्स यांनीं फ्रेड आर्चर यांच्या सहकार्यानें काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या अकरा पायऱ्या कल्पून एक पद्धति बसविली. तिचें सार असें, कीं चित्र घेण्यापूर्वीं कोणती वस्तु कोणत्या पायरीवर बसवावयाची, हें छायाचित्रकारानें स्वतः ठरवावें. मिठागरांतील मजुराला हें लागू केलें, तर उत्तर सरळ मिळतें. जवळ जाऊन माप चेहऱ्याचें घ्यावें, चेहरा मध्यम पायरीवर किंवा तिच्या किंचित् खालीं बसवावा, आणि मग मीठ किती पांढरें पडतें तें पाहावें. थोडें मीठ तपशिलावांचून गेलें तरी चालेल. त्याहून चांगलें म्हणजे सकाळीं ऊन तिरपें असतां जावें. त्या वेळीं मिठावरून परतणारा प्रकाशच खालून चेहऱ्यावर पडतो आणि पागोट्याखालची सांवली सौम्य करतो. निसर्ग आपण होऊन मदत करीत असतां दुपारची वाट कशाला पाहावी?

फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसों १९४७-४८ मध्यें हिंदुस्थानांत होते. लहानसा लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटरचें भिंग, एवढ्यावर त्यांचें बहुतेक काम चाले. कृत्रिम दिव्याचा झोत टाकणें त्यांना आवडत नसे. ३० जानेवारी १९४८ च्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकाशीं पंडित नेहरू महात्माजींच्या निधनाची वार्ता लोकांना सांगत असतांनाचें त्यांचें चित्र प्रसिद्ध आहे. अंधुक उजेडांतील तें चित्र रेखीव नाहीं. आकृति पुसट झाल्या आहेत. पण त्या रात्रींचा अंधार आणि हादरा त्यांत जसा आहे, तसा लख्ख दिव्याच्या चित्रांत आला नसता. पुसटपणा हाही केव्हां केव्हां खरा असतो, एवढें या चित्रावरून शिकावें; हात हलल्याचें निमित्त म्हणून मात्र तें वापरूं नये.

नवसारीस १९१३ सालीं जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतांतील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार समजल्या जातात. २०१२ सालीं त्यांचें निधन झालें; त्यापूर्वीं, २०११ सालीं, त्यांना पद्मविभूषण देण्याचें जाहीर झालें होतें. त्या रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरीत. त्यांत एका गुंडाळींत १२ चित्रें येतात. समारंभ दोन तासांचा आणि चित्रें बारा! अशा वेळीं प्रत्येक चित्रापूर्वीं विचार करावाच लागतो. आज हजारों चित्रें फुकट निघतात. तरीही शिकणारानें आठवड्यांतून एक दिवस बाराच चित्रें घेण्याचा नेम करून पाहावा.

आणि आपल्या मुंबईचे सुधारक ओलवे यांनीं महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचें जीवन वर्षानुवर्षें कृष्णधवल चित्रांतून मांडलें. २०१६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या माणसांकडे शहर पाहत नाहीं, त्यांच्यासमोर कॅमेरा घेऊन उभें राहणें, हा तांत्रिक हिशेबाच्या आधींचा निवाडा आहे. प्रकाश कोणाच्या चेहऱ्यावर मोजावयाचा, हें तेथें ठरतें.

थोरांचीं चित्रें पाहावीं तीं नक्कल करण्यासाठीं पाहूं नयेत. हर्नांडेझचा चंद्र वसईत शोधून सांपडणार नाहीं. एक चित्र समोर ठेवावें आणि त्याला चार प्रश्न विचारावे: प्रकाश कोणत्या बाजूनें आला? सर्वांत उजळ काय आहे? अंधारांत काय सोडून दिलें? आणि तें कां सोडलें? उत्तरें वहींत लिहावीं, आणि तेच प्रश्न आपल्या चित्रास विचारावे. सुरूची बागेजवळच्या किनाऱ्यावर सूर्यास्त टिपतांना सूर्य वगळून बाजूच्या आकाशाचें माप घेतलें, तर आकाशाचे रंग टिकतात आणि सुरूचीं झाडें काळ्या आकृति होतात. झाडें तशीं होणें तेथें शोभतें. त्याच किनाऱ्यावर जाळें ओढणारा कोळी मात्र तसाच काळा सोडावा कीं त्याचा चेहरा राखावा, हें प्रत्येक वेळीं नव्यानें ठरवावें लागेल. मोठा कॅमेरा नसला तरी अडत नाहीं. बहुतेक मोबाइलांत पडद्यावर चेहऱ्याला बोट लावलें, कीं माप त्या चेहऱ्याचें घेतलें जातें, आणि बोट वर-खालीं सरकवून प्रकाश कमी-अधिक करतां येतो.

एक शिष्टाचार मात्र कोणत्याही अंकांत बसत नाहीं. काम करणाऱ्या माणसाचें चित्र घेण्यापूर्वीं त्याची परवानगी घ्यावी, आणि घेतल्यावर तें त्याला दाखवावें. मिठागरावरचा मजूर पडद्याकडे पाहील, तेव्हां त्याला आधीं मीठ दिसतें कीं आपला चेहरा, एवढें पाहिलें म्हणजे एक्स्पोजर बरोबर होतें कीं नाहीं तें कळेल.